पांढऱ्या रेषांचा मास्तर

मार्क टोबीचं नाव निघालं की पोलॉकच्या आधी तसली अमूर्त चित्रं काढणारा एक अमेरिकन, एवढ्यावर त्याची बोळवण होते. याचा मला राग येतो. माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. टोबीकडेही मी आधी मास्तर म्हणून बघते. तो काय शिकवत होता आणि कुठल्या श्रद्धेने शिकवत होता हे बाजूला सारलं, तर त्याची चित्रं अर्धीच दिसतात.

त्याचा जन्म १८९० चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. बालपण मिसिसिपीच्या काठी गेलं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधले शनिवारचे वर्ग सोडले तर रीतसर कलाशिक्षण जवळजवळ नाहीच. न्यूयॉर्कला तो फॅशनच्या मासिकांसाठी चित्रं काढी, बड्या लोकांची व्यक्तिचित्रं करी. १९१७ मध्ये नोडलर गॅलरीत पहिलं एकल प्रदर्शनही झालं. हात तयार होता, पोटापाण्याची सोय होती.

पुढच्याच वर्षी ज्युलिएट थॉम्पसन या चित्रकर्तीसमोर तो मॉडेल म्हणून बसला. ज्युलिएट बहाई होती. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांचे पुत्र अब्दुल-बहा १९१२ मध्ये अमेरिकेत आले होते, तेव्हा तिने त्यांना समोर बसवून त्यांचं चित्र काढलं होतं. तिच्या ओळखीने टोबी मेन राज्यातल्या ग्रीन एकरच्या बहाई शिबिरात गेला आणि त्याने तो धर्म स्वीकारला, तो कायमचा.

बहाउल्ला १८१७ मध्ये तेहरानला जन्मले. पुढचं आयुष्य कैदेत आणि हद्दपारीत गेलं, आणि १८९२ मध्ये अक्काजवळ त्यांनी देह ठेवला. सगळी माणसं एक, सगळ्या धर्मांचा उगम एक, ही त्यांची शिकवण. चित्रकाराला आणखी जवळची वाटावी अशी एक गोष्ट तिच्यात आहे: सेवेच्या भावनेने केलेलं काम हीच उपासना, मग ती कारागिरी असो वा कला. सावता माळ्याच्या मुलखात हे निराळं समजावून सांगायला नको.

१९२२ मध्ये टोबी सिअ‍ॅटलला नेली कॉर्निश यांच्या शाळेत शिकवायला गेला. पुढल्या वर्षी तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या तंग क्वेई या चिनी तरुणाने त्याच्या हातात चिनी कुंचला दिला. रेषा आकाराची कड दाखवायला काढायची, हे युरोपीय वळण त्या कुंचल्याने सुटायला लागलं. १९२६ मध्ये तो हैफा-अक्काच्या यात्रेला गेला. त्या सफरीत फार्सी आणि अरबी लिपी त्याने मन लावून पाहिली.

इथे मुंबईची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इराणात या धर्माची पुस्तकं छापणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून १८८२ मध्ये अब्दुल-बहांचा एक ग्रंथ मुंबईत शिळाप्रेसवर छापला गेला. पुढे मिश्कीन-कलम या थोर सुलेखनकाराच्या हस्ताक्षरातली पुस्तकंही मुंबईत निघाली. खिळे जुळवायचे नाहीत. लिहिणाऱ्याच्या बोरूचं वळण जसंच्या तसं दगडावर उतरतं आणि तेच वाचकापर्यंत जातं. ज्या परंपरेत हस्ताक्षराला एवढा मान होता, तिच्या दारात टोबी उभा राहिला होता.

१९३१ मध्ये त्याला इंग्लंडमधल्या डेव्हनहून, डार्टिंग्टन हॉलहून बोलावणं आलं. ही संस्था लेनर्ड आणि डॉरथी एल्महर्स्ट या दांपत्याने उभारलेली. लेनर्ड त्याआधी रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात राबले होते आणि शेती, शाळा, कला एकत्र नांदवण्याची उमेद तिथूनच घेऊन आले होते. तिथल्या टोबीच्या वर्गाचं वर्णन बर्नार्ड लीच या कुंभाराने आठवणींत केलं आहे. लीच तेव्हाच नावाजलेला होता, तरी विद्यार्थी होऊन बसला. बसला म्हणणंही बरोबर नाही, कारण टोबी बसू देत नसे. गप्पा बंद करायला लावी, एकमेकांकडे नीट बघा म्हणे, ग्रामोफोन लावून सगळ्यांना नाचायला लावी आणि अंग मोकळं झालं की त्याच लयीत कागदावर खडू चालवायला सांगे.

हे वाचल्यावर मीही वर्गातले बाक भिंतीला लावले. एका मुलाने हलगीवर लेझमीचा ठेका धरला आणि बाकीच्यांनी फरशीवर खांद्यातून हात फिरवत रेघा ओढल्या. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत खोडरबराने कागद झिजवणारी मुलं त्या तासाला एकदाही रबर मागायला आली नाहीत. परीक्षेला स्थिरचित्र हवं, संकल्पचित्र हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रेषेची भीती आधी जायला हवी, आणि ती अशीच जाते.

१९३४ मध्ये टोबी आणि लीच पूर्वेकडे निघाले. शांघायमध्ये टोबी तंग क्वेईकडे राहिला, मग जपानला जाऊन क्योटोजवळच्या झेन मठात महिनाभर. परत डार्टिंग्टनला आल्यावर १९३५ मध्ये त्याने ‘ब्रॉडवे नॉर्म’ रंगवलं, त्यापाठोपाठ ‘ब्रॉडवे’. डेव्हनच्या शांत खेड्यात बसून न्यूयॉर्कची रात्र! गडद पार्श्वभूमीवर टेम्पेराच्या बारीक पांढऱ्या रेषांचं जाळं. रेषा पुढे आणखी दाट झाल्या, आकृत्या विरत गेल्या. लोक त्याला ‘व्हाइट रायटिंग’ म्हणू लागले.

या चित्रांना मध्य नाही. नजर कुठूनही शिरते आणि कुठेच अडत नाही. कुठलाही फटकारा दुसऱ्यापेक्षा मोठा नाही. समीक्षक याला तंत्राची पायरी समजतात. मला त्यात सगळी माणसं एक मानणाऱ्याची मांडणी दिसते. बहाई शिकवणीचा आपल्या चित्रांवरचा परिणाम टोबीनेही कधी लपवला नाही. पोलॉकची भव्य कॅनव्हासं सगळ्या देहाने घडली, टोबीचे छोटे कागद बोटांनी आणि मनगटाने. वर्गात अंग मोकळं करायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र त्या मोकळेपणातून लिहिण्याच्या एकाग्रतेकडे गेला.

सिअ‍ॅटलला परतल्यावर तो पाइक प्लेस मार्केटात जाऊन भाजीवाले, मासेवाले, हमाल, भटके यांची रेखाटनं करू लागला. तिथे जपानी वंशाचे शेतकरी मोठ्या संख्येने माल विकत, आणि १९४२ मध्ये सरकारने त्यांना छावण्यांत डांबल्यावर त्यांची जागा ओस पडली. पुढे ते मार्केट पाडायचा घाट घातला गेला, तेव्हा १९६४ मध्ये टोबीची ही रेखाटनं पुस्तकरूपाने आली. मार्केट आजही उभं आहे.

मानसन्मान उशिरा आले. १९५८ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळालं. व्हिस्लरनंतर हा मान मिळवणारा तो पहिला अमेरिकन. १९६० मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला राहायला गेला आणि १९७६ मध्ये तिथेच वारला. मला त्या पारितोषिकाहून मोठी वाटते ती लीचची गोष्ट: टोबीच्या सहवासातून तोही १९४० मध्ये बहाई झाला आणि त्याच श्रद्धेने पुढेही माती घडवत राहिला.

टोबीचा सिअ‍ॅटलकडचा चित्रकार मित्र मॉरिस ग्रेव्ह्ज १९६३ मध्ये मुंबईला आला होता. त्याने वासुदेव गायतोंडे यांच्या स्टुडिओत जाऊन त्यांची चित्रं पाहिली आणि भारावून न्यूयॉर्कला मॅरियन विलर्ड यांच्या गॅलरीकडे पत्र पाठवलं. गायतोंडे टोबीचे शिष्य नव्हेत, बहाईही नव्हेत. नागपुरात जन्मलेला, जे.जे.त शिकलेला आणि झेनच्या ओढीने स्वतःच्या वाटेने गेलेला हा चित्रकार. पण टोबीची पांढरी अक्षरं १९४४ मध्ये जिने न्यूयॉर्कपुढे मांडली होती, त्याच विलर्ड गॅलरीत १९६५ मध्ये गायतोंडे यांचं प्रदर्शन भरलं.