बोलीचे सरपंच

पूर्वी आपल्याकडे पाटीलकी विकत मिळे. तरुण वाचकांना हे ऐकून नवल वाटेल. परंतु मराठेशाहीच्या दप्तरांत अशी खरेदीखते पुष्कळ सापडतात. दुष्काळ पडला, वसूल थकला, कर्ज डोईजड झाले, की पाटील आपले निम्मे वतन दुसऱ्याला विकी. व्यवहार चोरून होत नसे. गोताच्या साक्षीने कागद होई आणि घेणारा मानपानासह वंशपरंपरेचा धनी बने. गावाने त्याला निवडलेले नसे. तेव्हा गाव त्याला जाब तरी कसा विचारणार?

ही रीत मोडायला फार काळ लागला. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने गावचा कारभार प्रौढ मतदारांनी निवडलेल्या पंचांच्या हाती ठेवला. 1962 च्या कायद्याने महसुली पाटलाचे वंशपरंपरेचे पद गेले. वतन संपले, असे आपण समजलो.

पुढे जानेवारी 2021 उजाडला. राज्यात 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. मतदान 15 तारखेला होते. दोनच दिवस आधी राज्य निवडणूक आयोगाने दोन गावांची निवडणूक रद्द केली : नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि आमच्या नंदुरबार तालुक्यातील खोंडामळी. तेथे पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे अहवालांवरून व चित्रफितींवरून आयोगाला दिसून आले. उमराण्याची बोली 2 कोटी 5 लाखांची, खोंडामळीची 42 लाखांची, असे वर्तमानपत्रांत आले. पैसा देवळासाठी होता. विधानसभेच्या यादीत पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ आमच्या जिल्ह्यातला, अक्कलकुव्याचा. त्या जिल्ह्याचे नाव अशा कारणाने राज्यभर व्हावे, याची मला खंत वाटते.

"निवडणूक आली की भाऊबंदकी पेटते, दारू वाहते. पैसा जायचा तो जातोच. मग देवाच्या कामी लागला तर बिघडले कुठे?" हा सवाल मी पारावर अनेकदा ऐकला आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मत देऊन काही पालटत नाही अशी ज्याची खात्री झाली, तोच बोली ऐकायला बसतो.

परंतु बोली लावणाऱ्याने देवळाचे देणे फेडले, की त्याच्या लेखी हिशेब मिटला. उद्या नळाला पाणी आले नाही, तर गावच्या बायाबापड्यांनी कोणत्या तोंडाने विचारावे? "मी पैसे मोजलेत," असे तो म्हणेल. शिवाय निवडणूक बिनविरोध ठरली, की मतदानच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने मिळालेले 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबायला यंत्र तरी समोर हवे! ज्याच्या घरी 42 रुपये शिल्लक नाहीत, त्याच्यापाशी मोलाची अशी ही एकच चीज असते. लिलावात तीच जाते आणि तिचा भावही त्याला कोणी विचारीत नाही.

आयोगाने केले ते योग्यच. मात्र जिथे चित्रफीत निघत नाही, तिथे आयोग कसा पोचणार? म्हणून एकच उमेदवार उरला तरी मत घ्यावे, आणि 'कोणीही नाही' वरचढ ठरल्यास निवडणूक पुन्हा व्हावी, असे माझ्या मास्तरी बुद्धीला वाटते.

तोवर एक गोष्ट आपल्या हातची आहे. दिवाळीत व्यापारी आपल्या वह्या पुजतात. वाचकहो, ग्रामपंचायतीची जमाखर्चाची वही आपण येत्या ग्रामसभेत मागून पाहावी.