हिन्नोमची दरी : नरक आणि नकाशा

जेरुसलेमच्या जुन्या शहराबाहेर, जाफा दरवाजाजवळ एक दरी सुरू होते. दक्षिणेला उतरून ती पूर्वेकडे वळते आणि किद्रोनच्या खोऱ्याला मिळते. ही हिन्नोमची दरी. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात तिचा उल्लेख महसुली दप्तरात शोभेल असा आहे: यहूदा आणि बन्यामीन या दोन वंशांची हद्द तिच्या कडेने जाते.

बदनामी पुढची. आहाज आणि मनश्शे या राजांनी इथे आपली मुले अग्नीत अर्पण केली, असा बायबलचा आरोप आहे. त्या जागेला तोफेत म्हणत. इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात योशिया राजाने ती भ्रष्ट करून बंद पाडली, आणि इथे प्रेते पुरायला जागा उरणार नाही, असे भाकीत यिर्मया संदेष्ट्याने केले.

तरीही त्या काळच्या माणसाला नरकाचे भय नव्हते. भला असो वा बुरा, प्रत्येक मृत शेओल नावाच्या अधोलोकात उतरे. तिथे धूळ, अंधार आणि निःशब्दता होती. शिक्षा नव्हती, बक्षीसही नव्हते. पापी आणि पुण्यवान यांना वेगळे ठिकाण द्यायची कल्पना हळूहळू आली. हनोखाच्या ग्रंथात पाप्यांसाठी जेरुसलेमजवळची एक शापित दरी राखलेली दिसते. इ.स.पू. दुसऱ्या शतकात ग्रीक राजा अँटिओकस चौथा याने केलेल्या यहुद्यांच्या छळात धर्मनिष्ठच मारले जाऊ लागले, तेव्हा या विचाराला धार चढली; दानीएलच्या पुस्तकातले पुनरुत्थान त्याच काळातले. नव्या करारात गेहेन्ना, म्हणजे या दरीच्याच नावाचे ग्रीक रूप, १२ वेळा येते; त्यांतले ११ उल्लेख शुभवर्तमानांत आहेत. शहराशेजारची दरी अशी परलोकातला अग्नी झाली.

दरीत शहराचा कचरा अहोरात्र जळे, म्हणून ती नरक ठरली, हे स्पष्टीकरण प्रवचनांतून फार ऐकू येते. त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख इ.स. १२०० च्या सुमारास दावीद किम्ही या भाष्यकाराचा आहे, म्हणजे फारच उशिराचा. उत्खननाने वेगळेच काही दिले. १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बार्काय यांना दरीच्या वरच्या उतारावरील थडग्यांत चांदीच्या दोन छोट्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर गणना पुस्तकातल्या आशीर्वादाशी जुळणारा मजकूर कोरलेला आहे.

दरीची आणि शहराची काटेकोर मोजणी १८६४-६५ मध्ये झाली. ब्रिटिश लष्कराचे चार्ल्स विल्सन यांनी १:२५०० प्रमाणात जेरुसलेमचा नकाशा तयार केला. खर्च अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य बाईंचा, हेतू शहराला स्वच्छ पाणी मिळावे हा. पुढची मोजणी इतकी निरागस राहिली नाही. पॅलेस्टाईनची मोजणी करणाऱ्या काँडर आणि किचनर यांच्या पथकावर १८७५ मध्ये सफेद या गावी हल्ला झाला. १९१४ च्या आरंभी पुरातत्त्वज्ञ वूली आणि लॉरेन्स यांनी सीनच्या अरण्यात केलेले बायबलकालीन संशोधन तर ब्रिटिश लष्करी मोजणीवर चढवलेला मुखवटा होता. साखळी आणि दुर्बीण घेऊन येणाऱ्याबद्दल स्थानिकांना वाटणारा संशय निराधार नव्हता.

१९४८ मध्ये इस्रायल आणि जॉर्डन यांच्या युद्धात दरी पुन्हा हद्द झाली. इस्रायलचे मोशे दयान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल या सेनाधिकाऱ्यांनी १:२०,००० च्या नकाशावर जाड पेन्सिलींनी युद्धविरामाच्या रेघा ओढल्या. पेन्सिलीची जाडीच जमिनीवर कित्येक मीटर भरत होती, आणि त्या जाडीखाली कोणाची घरे गेली याचे वाद वर्षानुवर्षे चालले. त्याच युद्धात सियोन डोंगरावरच्या इस्रायली ठाण्याला रसद पोचवण्यासाठी दरीवरून पोलादी तार ताणली होती. ती फक्त रात्री वापरत, दिवसा खाली सोडत.

उपग्रहांच्या काळात संशयाला कायद्याचे रूप आले. इतरत्र बाजारात मिळतात त्याहून बारीक तपशिलाची इस्रायलची चित्रे अमेरिकी कंपन्यांनी विकू नयेत, अशी तरतूद अमेरिकेने १९९६ मध्ये केली. व्यवहारात ही मर्यादा दोन मीटर राहिली. गुगलच्या रस्ताचित्रणाला इस्रायलने २०११ मध्ये परवानगी दिली, ती चेहरे व गाड्यांचे क्रमांक पुसट करण्याच्या अटीवर. घर पुसट करून मागण्याचा हक्कही नागरिकांना मिळाला. उपग्रहचित्रांची मर्यादा २०२० मध्ये ४० सेंटीमीटरवर आली.