उचलून नेलेलीं माणसें

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्यानें उत्तरेकडे गेलें म्हणजे वाटेंत राजूर लागतें. गणपतीच्या साडेतीन पीठांत या स्थानाची गणना होते आणि अंगारकी चतुर्थीला तेथें पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. वरेण्य राजाची राजसदन नगरी ती हीच, आणि गजाननानें त्याला गणेशगीता सांगितली तीहि येथेंच, अशी तेथील परंपरा आहे. गीतेची गोष्ट भाविक कौतुकानें सांगतात. तिच्या आधींची गोष्ट मात्र फारशी कोणाच्या बोलण्यांत येत नाहीं. गणेशपुराणांतील कथेप्रमाणें वरेण्याच्या राणीच्या कुशींत सोंडेचें एक विलक्षण मूल आढळलें. राजा घाबरला, आणि त्यानें तें रानांत टाकून देण्याची आज्ञा केली. पुढें पराशर ऋषींच्या तें दृष्टीस पडलें. त्यांनीं तें उचललें, आश्रमांत नेलें व पत्नी वत्सला हिच्या ओटींत घातलें. ज्याच्या दर्शनासाठीं आज रांगा लागतात, तो राजूरचा देव मुळांत टाकून दिलेलें मूल होता!

मराठींत ‘उचलणें’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आई रडतें मूल उचलते आणि पोलिसहि माणसाला ‘उचलतात’. रस्त्यावर पडलेल्या निराधार माणसाचें महाराष्ट्रांत गेल्या पावणेदोनशें वर्षांत काय झालें हें पाहूं गेल्यास या दोन्ही प्रकारच्या उचलण्याचा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो.

प्रथम मुलांकडे लोकांचें लक्ष गेलें. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास स्वतःच्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसविल्या गेलेल्या विधवांनीं तेथें गुप्तपणें बाळंत व्हावें आणि मूल तेथेंच ठेवून जावें, अशी सोय होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्यानें दत्तक घेतला व तो पुढें डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यांत पोंचविलें. त्यांतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. ‘उचलणें’ या शब्दाचा पहिला अर्थ समजावयास याहून दुसरें उदाहरण नको.

क्षेत्राच्या गांवीं हा प्रश्न अधिक बिकट असे. यात्रेच्या गर्दींत कोण कोठून आलें याचा पत्ता लागत नाहीं. म्हणून अभागी स्त्रियांनीं क्षेत्रीं येऊन मूल टाकून जावें, असें होत असे. पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या गुजराती न्यायाधीशांनीं प्रार्थनासमाजाच्या साह्यानें १८७५ सालीं अशा अर्भकांसाठीं आश्रम काढला. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नांवानें तो पुढें प्रसिद्धीस आला. ज्या विठोबाला वारकरी माउली म्हणतात, त्याच्याच गांवीं पोरक्या मुलांना माउली मिळवून देण्याचें काम एका परप्रांतीय न्यायाधीशाला करावें लागलें, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मुंबईची तऱ्हा निराळी. तेथें रस्त्यावरचें पोर हें प्रथम चोर समजलें जाई. ‘बाँबे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनीं १८५० च्या सुमारास अशा मुलांना धंदा शिकविणारी शाळा काढली, आणि १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या आश्रयानें तिचें सुधारगृहांत रूपांतर झालें. सुतारकी, लोहारकी असे उद्योग तेथें शिकवीत. पण ‘सुधारगृह’ या नांवांतच, मुलाच्या हातून कांहीं तरी बिघडलें आहे, हें गृहीत धरलेलें असतें.

पंडिता रमाबाईंनीं तसें कांहीं गृहीत धरलें नाहीं. आईबाप उपासमारीच्या दिवसांत गमावून त्या स्वतः भावाबरोबर देशभर पायीं हिंडल्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि रस्त्याच्या कडेला व सरकारी अन्नछत्रांच्या आसपास भटकणाऱ्या शेंकडों मुलींना व बालविधवांना घेऊन आल्या. अशा मुलींना हेरणारे दलालहि तेथें टपलेले असत. केडगांवच्या ‘मुक्ति’ आश्रमांत या मुली शेती, विणकाम आणि छापखान्यांतील काम शिकल्या. रमाबाईंच्या धर्मांतरावरून त्या काळीं मोठें वादळ उठलें. तथापि त्यांच्या टीकाकारांपैकीं किती जण त्या दुष्काळांत गाडी घेऊन मध्यप्रांतांत गेले होते, असा प्रश्न इतिहासाच्या वाचकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. १९१२ च्या वेड्यांविषयींच्या कायद्यांत, मोकाट भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनीं ‘अटक’ करावी, असाच शब्द होता. १९२४ सालीं मुंबई इलाख्यांत मुलांचा कायदा झाला आणि १९२७ सालीं चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी-उमरखाडी येथें मुलांना ठेवण्याची सोय झाली ती जुन्या तुरुंगाच्या आवारांत. १८८२ सालीं टिळक-आगरकरांनीं आपले एकशें एक दिवस काढले तो हाच डोंगरीचा तुरुंग. हेतु दयेचा होता, परंतु भिंती तुरुंगाच्याच राहिल्या.

मोठ्या माणसांच्या वांट्याला तर दयेचा हेतूहि आला नाहीं. मुंबई सरकारनें १९४५ सालीं भिकाऱ्यांविषयीं कायदा केला आणि १९५९ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा आला. भीक मागतांना सांपडलेल्या माणसाला पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षें, आणि पुन्हां पुन्हां सांपडल्यास दहा वर्षेंपर्यंत अडकवून ठेवण्याची त्यांत तरतूद होती. व्याख्या तर विलक्षण व्यापक! गाणें, नाचणें, भविष्य सांगणें, खेळ करून दाखविणें यांच्या मिषानें दान मागणाराहि भिकारी, आणि उपजीविकेचें साधन दिसत नसून सार्वजनिक जागीं हिंडणाराहि भिकारी. मोरपिसांची टोपी घालून पहांटे दारीं येणारा वासुदेव आणि नंदीबैलवाला या कलमांतून कसे सुटावे? १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील असंख्य कुटुंबें मुंबई-पुण्याच्या वाटेला लागलीं. राजूरचा मुलूख, जो त्या वेळीं औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे, त्याहि दुष्काळांत होरपळला. घरची विहीर आटली म्हणून शहरांतल्या पदपथावर पथारी टाकणारा शेतकरी त्या व्याख्येपासून कितीसा दूर होता! दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१८ सालीं या कायद्याचीं प्रमुख कलमें त्या शहरापुरतीं घटनाबाह्य ठरविलीं. दारिद्र्य हा गुन्हा होऊं शकत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

कायदा असा चालला असतांना कांहीं माणसें आपल्या वाटेनें जात होतीं. गाडगेमहाराजांनीं १९०५ सालीं घर सोडलें तें झाडू आणि गाडगें घेऊन. कीर्तनांतून जमणाऱ्या पैशांतून त्यांनीं देवळें बांधलीं नाहींत. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथें धर्मशाळा बांधल्या. इस्पितळांत आलेल्या खेडुताच्या माणसांनीं रात्रीं कोठें पडावें, हा प्रश्न त्यांना मोक्षाइतकाच महत्त्वाचा वाटे.

वरोऱ्याच्या बाबा आमट्यांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पावसांत गटाराकांठीं पडलेला, हातांपायांचीं बोटें झडलेला तुळशीराम पाहून ते प्रथम घाबरून पळाले. आपल्याच भीतीची लाज वाटून ते परत फिरले. १९४९ सालीं कलकत्त्यास जाऊन त्यांनीं कुष्ठोपचाराचें शिक्षण घेतलें. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झालें.

याच वाटेवरचें अलीकडचें नांव डॉ. भरत वाटवानी यांचें. १९८८ सालीं बोरिवलीस त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनीं एक अस्ताव्यस्त तरुण करवंटीनें गटाराचें पाणी पितांना पाहिला. त्यांनीं त्याला आपल्या लहानशा रुग्णालयांत नेलें. उपचारानंतर तो बोलूं लागला तेव्हां कळलें कीं, तो आंध्रांतला असून विज्ञानाचा पदवीधर आहे. छिन्नमनस्कतेनें त्याला घरापासून तोडलें होतें. वडील येऊन त्याला घेऊन गेले. श्रद्धा पुनर्वसन केंद्राचा जन्म या घटनेंतून झाला. आधीं दहिसर, आणि २००६ पासून कर्जतजवळ त्याचें काम चालूं लागलें. रुग्णाला आणावें, न्हाऊंमाखूं घालावें, औषध द्यावें, आणि भान येतांच गांवाचें नांव विचारावें, असा तेथील क्रम. हें शेवटचें काम सर्वांत चिकाटीचें. कधीं नदीचें नांव आठवतें, कधीं नुसतें रेल्वेस्थानकाचें. तेवढ्या धाग्यावर कार्यकर्ते रुग्णाला घेऊन दूरदूरच्या राज्यांत जातात. २०१८ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोंवर सात हजारांहून अधिक माणसें अशा रीतीनें घरीं पोंचलीं होतीं.

कायद्याची भाषाहि अखेर बदलली. ‘अटक’ जाऊन १९८७ च्या कायद्यांत ‘संरक्षणाखालीं घेणें’ आलें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें तर अशा माणसाला कोठडींत वा तुरुंगांत ठेवण्यास मनाई केली. चोवीस तासांच्या आंत त्याला जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेंत न्यावें, आणि तो बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ति म्हणून नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा, हें पोलिसांचें कर्तव्य ठरलें. शब्द बदलावयास पंच्याहत्तर वर्षें लागलीं. आचरण सर्व ठाण्यांत बदललें असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं.

शिवाय घर सांपडलें म्हणजे तें उघडतेंच असें नाहीं, आणि बाई असेल तर बहुधा नाहींच. अहिल्यानगरजवळ शिंगवे येथें डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे या दांपत्यानें १९९८ सालीं माउली सेवा प्रतिष्ठान काढलें तें रस्त्यावर सांपडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठीं. त्यांतल्या कित्येक जणींवर रस्त्यावर अत्याचार झालेले होते. कांहीं जणी गरोदर असतांनाच तेथें आल्या. ज्यांना न्यावयास कोणी आलें नाहीं त्या तेथेंच राहिल्या आणि त्यांचीं मुलें त्यांच्याजवळ वाढूं लागलीं.