'पुट अप विथ' : खपवून घेण्याचा इतिहास

आज एका साध्या इंग्रजी क्रियापदापासून सुरुवात करू : 'पुट अप विथ'. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सह. पण तिघांची बेरीज करून 'खपवून घेणे' हा अर्थ काही हाती लागत नाही. अशी जोडक्रियापदं परभाषकांना फार छळतात, हे डॉ. जॉन्सननं १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलंय.

इतिहासात गेलं की मात्र गाठ थोडी सुटते. 'पुट अप'चा एक जुना अर्थ आत ठेवून देणे, तलवार म्यान करणे. १६११च्या इंग्रजी बायबलात येशू पीटरला तलवार म्यान करायला सांगतो, तिथे हेच शब्द आहेत. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त रॉडरिगो म्हणतो, की सोसलं ते आता मुकाट्यानं गिळणार नाही. तिथेही 'पुट अप'च, 'विथ' नाही. बघा, म्यान केली म्हणून तलवार मोडत नाही! आपण अपराध पोटात घालतो तेव्हा क्षमा असते. खपवून घेतो तेव्हा राग फक्त आत गेलेला असतो.

आता इंग्लंडचा १६८९चा टॉलरेशन अ‍ॅक्ट घ्या. अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंटांना त्यानं प्रार्थनेची मुभा दिली. कॅथलिकांना दिली नाही. मुभा मिळालेल्यांनाही सरकारी पदांच्या बाबतीत कायद्याचा अडसर १८२८पर्यंत राहिलाच. म्हणजे काय, तर राहू दिलं, पण बरोबरीनं बसवलं नाही.

टॉमस पेननं १७९१मध्ये 'राइट्स ऑफ मॅन'मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. एक जण दुसऱ्याची श्रद्धा रोखतो, दुसरा तिला परवानगी देतो. त्याच्या मते दोन्ही जुलूमच. कारण परवानगी देणारा हा कोण? हे पुस्तक पुढे पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांनी वाचलं. त्यांनी मागितले ते हक्क. कुणी आपल्याला चालवून घ्यावं, असं नव्हे.

आम्ही स्वतः वर्षानुवर्षं वर्गात 'टॉलरेशन'ला 'सहिष्णुता' म्हणत पुढे गेलो. लॅटिन मुळातही सोसणं आहे आणि आपल्या 'सह्' धातूतही. पण समोरच्या बाकावर कुणीतरी असा बसला असेल, ज्याला लोक रोज 'सोसतात'. त्याला तो शब्द कसा ऐकू येत असेल, हे आम्ही कधी विचारलं नाही.

खपवून घेणं कत्तलीपेक्षा चांगलंच, त्यात वाद नाही. पण शेजाऱ्याबद्दल 'आम्ही चालवून घेतो' असं म्हणताना, चालवायचं की नाही हे ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, एवढं स्वतःला विचारू या.