पाच हजार मैलांचा हिशेब

१. पाच हजार मैल : हे मुंबई–लंडनमधले थेट अंतर नव्हे. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजल्यास ते सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार मैलांच्या आतच भरते. पण ८ जून १९४८ रोजी निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेले. तो मार्ग जवळपास ७,९०० किलोमीटरचा. लेखकाचा आकडा त्याच्याशी चांगला जुळतो. विमान १० जूनला लंडनला पोचले. सुएझमार्गे बोटीला दोन-तीन आठवडे लागत, तेव्हा ही केवढी झेप होती हे वाचकाने ध्यानात घ्यावे. आज न थांबता साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. परतीला थोडे कमी, कारण उंचावरचे वेगवान पश्चिमी वारे विमानाला पाठीमागून रेटतात. — संपादक