बालन्यायव्यवस्था, खानापूर व बेळगाव सीमाभाग

बालन्यायव्यवस्था, खानापूर व बेळगाव सीमाभाग : अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या हातून घडलेल्या गुन्ह्यांची चौकशी, या मुलांचा ताबा आणि पुनर्वसन यांसाठी असलेली कायदेशीर यंत्रणा. प्रस्तुत नोंद कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) खानापूर तालुक्यापुरती आहे. निपाणी व चंदगड भागांचा उल्लेख अनुषंगाने येतो. कायद्याच्या भाषेत अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. जुन्या कायद्यांतील ‘बालगुन्हेगार’ ही संज्ञा आता वापरत नाहीत. चौकशीच्या काळात मुलाला जेथे ठेवतात त्या निरीक्षणगृहासाठी लोकांच्या तोंडी मात्र ‘रिमांड होम’ हा शब्द अजून आहे.

खानापुरात स्वतंत्र बालन्याय मंडळ नाही. मंडळ जिल्ह्याला एक, आणि ते बेळगावात. तालुक्याच्या वाट्याला येतो तो पोलीस ठाण्यातील बालकल्याण अधिकारी. खानापूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना अशा मुलाचे प्रकरण चालवता येत नाही; समोर उभा असलेला आरोपी अल्पवयीन आहे असे दिसल्यास तसे मत नोंदवून त्याला विनाविलंब मंडळाकडे पाठवावे लागते.

इतिहास : १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत खानापूर मुंबई राज्यात (पूर्वीचा मुंबई इलाखा) होते, त्यामुळे येथील बालन्यायाचा आरंभीचा इतिहास मुंबईच्या कायद्यांचा आहे. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने १० ते १८ वर्षांच्या अनाथ, भटक्या अथवा किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांना एखाद्या कारागिराकडे बांधून देण्याची सोय केली. भारतीय दंडसंहितेने (१८६०) सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा नाही असे ठरवले. सात ते बारा या वयात मुलाची समज पाहून निर्णय करावयाचा होता. ही तरतूद भारतीय न्यायसंहितेत (अंमल १ जुलै २०२४) कलम २० व २१ म्हणून जशीच्या तशी राहिली आहे. तुरुंगाला पर्याय म्हणून फटक्यांची शिक्षा होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे सोळा वर्षांखालील मुलाला वेताचे जास्तीत जास्त १५ फटके मारता येत. मोठ्यांसाठी ही मर्यादा ३० होती. ही शिक्षा १९५५ साली कायद्याने बंद झाली.

सुधारशाळांचा कायदा १८७६ मध्ये आला व १८९७ मध्ये नव्याने करण्यात आला. तो शिक्षा झालेल्या पंधरा वर्षांखालील मुलांसाठी होता. शिक्षेऐवजी मुलाला तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येई, मात्र वयाच्या अठराव्या वर्षापलीकडे नाही. समज देऊन सोडणे किंवा पालकांच्या हवाली करणे हा मार्गही त्यात होता. इलाख्यातील सुधारशाळांपैकी मुंबईची डेव्हिड ससून संस्था (१८५७) आणि पुण्याजवळची येरवड्याची शाळा या प्रमुख. गुन्हेगार जमाती कायद्यानेही (१९११, सुधारित १९२४) मुलांना गाठले. या कायद्याखाली नोंदलेल्या जमातींची मुले आईबापांपासून तोडून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. मुलाने काही केलेले असण्याची गरज नव्हती. जन्म पुरेसा होता. बालन्यायाच्या बहुतेक इतिहासांत हा कायदा येत नाही, कारण तो पोलीस खात्याच्या कप्प्यात ठेवलेला असतो. प्रस्तुत संपादकाच्या मते तो येथेच नोंदवला पाहिजे. मुंबई राज्यात तो १९४९ मध्ये व देशभर १९५२ मध्ये रद्द झाला.

अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय तुरुंग समितीने (१९१९–२०) मुलांना तुरुंगापासून पूर्णपणे वेगळे ठेवावे अशी शिफारस केली. त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालक कायदे केले. मुंबईचा कायदा सगळ्या इलाख्यात एकदम लागू झाला नाही; सरकार अधिसूचना काढील त्या भागात तो पोहोचे. मुंबई शहरात त्याची अंमलबजावणी १९२७ मध्ये, चिल्ड्रेन्स एड सोसायटीच्या स्थापनेबरोबर सुरू झाली. डोंगरीचे रिमांड होम त्याच काळातले. १९४८ साली नवा मुंबई बालक कायदा आला.

धारवाडची बोर्स्टल शाळा : इंग्लंडमधील केंट परगण्यातील बोर्स्टल या खेड्यात १९०२ साली सुरू झालेल्या प्रयोगावरून हे नाव पडले. मुंबईच्या बोर्स्टल शाळा कायद्याखाली (१९२९) इलाख्याची अशी शाळा धारवाडला होती. सोळा ते एकवीस या वयाचे तरुण, म्हणजे बालक कायद्याच्या हाती न लागणारे आणि मोठ्यांच्या तुरुंगात घालणे योग्य नव्हे असे, येथे ठेवण्यात येत. कैदेऐवजी बोर्स्टलमध्ये स्थानबद्धतेचा आदेश होई. शिस्त, हस्तव्यवसायाचे शिक्षण, वर्तनानुसार वरची श्रेणी आणि मुदतीपूर्वी परवान्यावर सुटका ही तिची पद्धत. परवान्याच्या अटी मोडल्यास मुलाला परत आणता येई. ज्याला आज खुले पुनर्वसन म्हणतात त्याची बरीचशी सामग्री या पद्धतीत होती. तिची भाषा मात्र तुरुंगखात्याचीच राहिली.

राज्यपुनर्रचनेत बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवार (उत्तर कानडा) हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि त्यांच्यासोबत धारवाडची शाळाही गेली. चंदगड तालुका तेवढा बेळगाव जिल्ह्यातून काढून मुंबई राज्यात ठेवण्यात आला व तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. याचा परिणाम असा, की १९५६ पूर्वी एकाच जिल्ह्यात, एकाच कायद्याखाली असलेल्या मराठी गावांचे पुढे दोन भाग झाले. चंदगडला १९४८ चा मुंबई बालक कायदा चालू राहिला. खानापुरास तोच काही वर्षे लागू होता, नंतर म्हैसूरचा १९६४ चा बालक कायदा आला. बोर्स्टलसाठीही कर्नाटकात १९६३ चा वेगळा कायदा झाला. महाराष्ट्राचे किशोर सुधारालय (बोर्स्टल) नाशिकला आहे. सीमाप्रश्नावरील लेखनात शाळा, सातबारा आणि दुकानांच्या पाट्या यांची चर्चा भरपूर आहे, मुलांच्या कायद्याची जवळजवळ नाही. (सीमाप्रश्नाच्या गुणदोषांसाठी पहा : महाजन आयोग.)

सीमेच्या दोन बाजूंच्या कायद्यांतील ही तफावत १९८६ च्या केंद्रीय बालन्याय कायद्याने (अंमल २ ऑक्टोबर १९८७) संपली. १९८६ मध्येच मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवण्याविरुद्ध आदेश दिले होते. या कायद्यात मुलग्यांसाठी वयोमर्यादा १६ व मुलींसाठी १८ होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसाठी १८ केली. वय गुन्ह्याच्या तारखेचे धरावे, न्यायालयात आणल्याच्या तारखेचे नव्हे, हे प्रतापसिंग खटल्यात (२००५) घटनापीठाने स्पष्ट केले. सध्याचा कायदा २०१५ चा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे.

सध्याची कार्यपद्धती : मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, कार्यकर्त्यांपैकी एक महिला असावीच लागते. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि त्याच्याशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यांत असावा लागतो. चोवीस तासांत मंडळापुढे हजर करावे लागते. यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. खानापूर ते बेळगाव हे अंतर सुमारे २६ किलोमीटर, त्यामुळे तालुक्याच्या गावाला या सवलतीची गरज नाही. पण भीमगडच्या जंगलातील पावसाळ्यात तुटणाऱ्या वस्त्यांसाठी तिला अर्थ आहे. गुन्हा घृणास्पद वर्गातील नसेल आणि त्यात मोठी माणसेही सामील नसतील, तर नियमांनुसार प्रथम माहिती अहवाल दाखल न करता ठाणे दैनंदिनीत नोंद करतात आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडतात. जामीन हा नियम, नकार हा अपवाद. सुटकेमुळे मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, एवढ्याच कारणांनी तो नाकारता येतो. चौकशी चार महिन्यांत संपवावी लागते, दोन महिने वाढवून मिळतात. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही ती न संपल्यास प्रकरण बंद होते. अंतिम आदेश समज देण्यापासून समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षा अशा पायऱ्यांनी विशेष गृहात कमाल तीन वर्षे ठेवण्यापर्यंत जातो.

भाषा : मुलाला कामकाजाची भाषा समजत नसेल तर दुभाषा पुरवणे हे मंडळाचे कर्तव्य आहे (कलम ८). कागदपत्रे कन्नडमध्ये आणि मूल मराठी शाळेतले, अशा तालुक्यात ही तरतूद कलमांच्या गर्दीत हरवू देण्याजोगी नाही.

वयनिश्चिती : सीमाभागातील प्रकरणांचा निकाल पुष्कळदा येथेच लागतो. कलम ९४ प्रमाणे पहिला पुरावा शाळेचा जन्मतारखेचा दाखला अथवा दहावीच्या मंडळाचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. म्हणजे डॉक्टरापेक्षा मास्तरांचा शब्द वर. जुन्या पिढीत नाव घालताना मास्तर जन्मतारीख १ जून लिहीत. मूल शाळेत बसवायला वय भरावे म्हणून वर्षही मागेपुढे होई. अशी नोंद मुलाच्या बाजूने चुकली तर तो मंडळापुढे जातो, विरुद्ध चुकली तर सत्र न्यायालयापुढे. वैद्यकीय तपासणीचा अंदाज काटेकोर नसतो, त्यामुळे कायद्याने लावलेला हा क्रम गैर म्हणता येणार नाही. पण शाळेच्या नोंदवहीला इतके वजन देणारा दुसरा फौजदारी कायदा शोधावा लागेल. अल्पवयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो. हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगत असलेल्या बंद्यालाही हा मार्ग खुला आहे.

प्रौढ म्हणून खटला : दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१५ च्या कायद्यात ही वादग्रस्त तरतूद आली. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला घृणास्पद गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करते व प्रकरण बालन्यायालयाकडे पाठवू शकते. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप तरीही देता येत नाही. किमान शिक्षा ठरवलेली नाही, पण कमाल सात वर्षांहून जास्त आहे, असे गुन्हे घृणास्पद धरू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल खटल्यात (९ जानेवारी २०२०) ठरवले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते गंभीर या मधल्या वर्गात गेले. पुण्यातील १९ मे २०२४ च्या मोटार अपघातात तेथील मंडळाने अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन दिला, त्यावरून देशभर संताप झाला. त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. मूल्यांकनासाठीची तीन महिन्यांची मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, हा ७ मे २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय कर्नाटकातील प्रकरणावरचा आहे.

खानापूरची अपिले कर्नाटक उच्च न्यायालयाच्या ज्या धारवाड पीठाकडे (२००८ पासून फिरते, २०१३ पासून कायम) जातात त्याचा एक निकाल येथे महत्त्वाचा. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुली प्रेमप्रकरणातून घर सोडतात व मुलावर पोक्सोखाली (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण कायदा) गुन्हा दाखल होतो, अशा अनेक प्रकरणांकडे बोट दाखवून नोव्हेंबर २०२२ मध्ये या पीठाने संमतीवयाचा फेरविचार करावा असे विधी आयोगाला सुचवले. आयोगाने २८३ व्या अहवालात (२०२३) वय १८ च ठेवावे, मात्र सोळा ते अठरा या वयातील संमतीच्या संबंधांत न्यायालयाला शिक्षेबाबत मोकळीक द्यावी, असे मत दिले. या प्रश्नावर मतभेद आहेत.

सीमेपलीकडची मुले : लोंढा जंक्शन, बेळगाव–गोवा महामार्ग आणि चोर्ला घाट यांमुळे तालुक्यात तीन राज्यांची ये-जा असते. परगावचा मुलगा येथे सापडला तर चौकशी बेळगावातच होते. अंतिम आदेशानंतरच त्याला त्याच्या जिल्ह्याच्या मंडळाकडे सोपवता येते (कलम ९५). पोलिसांनी पंधरा दिवसांत त्याला पोहोचवायचे असते, मुलगी असेल तर सोबत महिला अधिकारी हवी. गोव्यात २००३ च्या बाल कायद्याखाली बालन्यायालय आहे, पण ते मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी. नामसाधर्म्यामुळे घोटाळा होतो. गोव्याचे निरीक्षणगृह मेरशीचे ‘अपना घर’. गोव्यातील स्वस्त दारू चोरून आणण्यासाठी मुलाचा वापर झाल्यास वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे (कलम ७८). मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास २०१९ पासून मोटार वाहन कायद्याने पालक किंवा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही.

मुली : निरीक्षणगृह व विशेष गृह यांत मुलींची व्यवस्था मुलांपासून वेगळी.

निपाणी : विडी-तंबाखूच्या या पट्ट्यातील प्रकरणेही बेळगावच्या मंडळाकडे, अंतर सुमारे ७५ किलोमीटर.

गोपनीयता व दप्तर : मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असे काहीही छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोषी ठरल्याने कोणतीही अपात्रता येत नाही; सोळा वर्षांवरील मुलाला प्रौढ म्हणून दोषी ठरवले असल्यास हे संरक्षण नाही. अपिलाची मुदत किंवा सात वर्षे लोटल्यावर दप्तर नष्ट करावयाचे असते. प्रकरण प्रलंबित असो वा निकाली निघालेले असो, चारित्र्य दाखल्यासाठीही पोलिसांनी ही माहिती उघड करावयाची नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि खानापूरची मुले सैन्यभरतीला मोठ्या संख्येने उतरतात. भरतीच्या कागदांत ठाण्याचा दाखला लागतो. तो लिहिणाऱ्या हवालदाराला कलम ७४ माहीत असणे, हा या कायद्याचा तालुक्यातील सर्वांत प्रत्यक्ष उपयोग होय.