रेवस ते रेडी : रस्ता नव्हता तेव्हाची वाट



दिवाळी झाली की कोकण किनाऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची वर्दळ वाढते. आजी-आजोबा, पोरंटोरं, सोबत चिवड्याचे डबे. रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीपर्यंत हा रस्ता जातो. त्याला सागरी महामार्ग म्हणतात. आम्हीही घरच्या माणसांबरोबर तो टप्प्याटप्प्याने पाहिला. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर, मध्ये माडाच्या बागा. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण दर थोड्या वेळाने एक खाडी आडवी येते. कुठे पूल आहे, कुठे गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. या खाड्यांमध्येच किनाऱ्याचा, आणि इथल्या बायकांचा, इतिहास आहे. आज तोच सांगायचा आहे.

सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद होते, आणि भरतीचं पाणी तिच्यात कितीतरी आत शिरतं. रेवदंड्याला कुंडलिका, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, विजयदुर्गला वाघोटण. म्हणजे किनाऱ्याने सरळ चालत जायची सोयच नाही. दाभोळच्या माणसाला समोरचं धोपावे दिसतं, पण जमिनीवरून जायचं तर थेट चिपळूणचा वळसा. म्हणून इथे वाट म्हणजे पाणी. गावोगावी तर होती, तरीवाला होता. लेक पैलतीरी दिली, तर माहेरपण भरती-ओहोटी बघून करायचं.

ज्याच्या हाती पाणी, त्याच्या हाती किनारा, हे राज्यकर्त्यांनी ओळखलं होतं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा दरारा या समुद्रावर होता. मुरूडसमोरचा जंजिरा मात्र सिद्दींकडेच राहिला, तो मराठ्यांना कधी घेता आला नाही. १७५६ साली पेशवे आणि इंग्रज एक होऊन तुळाजी आंग्रे यांच्यावर चालून गेले आणि विजयदुर्गापाशी आंग्र्यांचं आरमार जळालं. आपल्याच माणसाचं आरमार बुडवायला परक्याची मदत घेतली, याची किंमत पुढे सगळ्यांनीच मोजली.

इंग्रजांच्या काळात कोकण आणखी कोपऱ्यात पडलं. रेल्वे बोरघाट चढून पुण्याकडे गेली, किनाऱ्याकडे वळली नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत करून १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये तिथेच वारला. पुढे सावरकरांनाही १९२४ पासून रत्नागिरीतच स्थानबद्ध केलं. समुद्र आणि घाट यांच्यामध्ये कोंडलेला हा मुलूख सरकारला त्यासाठी सोयीचा वाटला असणार.

मग मुंबईच्या गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणचे पुरुष बोटीने मुंबईला गेले. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत आगबोट जायची. बऱ्याच ठिकाणी ती काठाला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत न्यायची. कडेवर मूल, डोक्यावर गाठोडं आणि हलत्या शिडीवर पाय, असा बायकांचा प्रवास. कुणाला बोट लागली तर वेंगुर्ल्यापर्यंत मान वर करता येत नसे. पावसाळ्यात बोटी बंद. त्या चार महिन्यांत मुंबईत कुणी आजारी पडलं, तर गावी नुसती वाट बघायची.

जवळचा प्रवासही जिवावरचा होता. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी लाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. अलिबागच्या बाजूच्या कितीतरी घरांना मात्र तो पावसाळा दुसऱ्याच कारणाने विसरता आला नाही.

पुरुष मुंबईत, मग गावी शेत कुणी केलं? भाताची लावणी, नाचणीची भाजावळ, गुरं, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, सगळं बायकांनी. किनाऱ्यावर मासळी सुकवून ती बाजारी नेणाऱ्याही बायकाच. महिन्याला मनीऑर्डर यायची तेव्हा यायची, रोजचा घास मात्र त्या जमिनीतून निघायचा. तरी सातबारावर नाव पुरुषाचं. बाईचं नाव फार थोड्या ठिकाणी लागलं.

१९८० नंतर बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सागरी महामार्गाची कल्पना पुढे आली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, पण ती बरीचशी किनाऱ्यापासून आत, डोंगर पोखरून जाते. किनाऱ्यावर पूल एकेक करून झाले. जिथे झाले, तिथे अडलेल्या बाळंतिणीला तरीची वाट बघावी लागत नाही, पोरी पलीकडच्या कॉलेजात जातात, मासळी ताजी असताना बाजार गाठते. रस्ता हवाच होता.

पण रस्ता आला की जमिनीला भाव येतो. ज्या कातळावर कुणी गुरंही चारत नव्हतं, तिथे आता ‘समुद्र दिसणारा प्लॉट’ अशी पाटी आहे. आणि मग घरी भाऊ कागद घेऊन येतो. “ताई, इथे फक्त एक सही कर.” तो कागद पुष्कळदा हक्कसोडपत्र असतो. नोंदणी झाली, की तो फिरवणं फार अवघड.

म्हणून कायद्याचा इतिहासही माहीत हवा. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या लेकी त्यातून सुटल्या. केंद्राच्या कायद्याने ९ सप्टेंबर २००५ पासून लग्न झालेली असो वा नसो, हिंदू कुटुंबातल्या लेकीला मुलाइतकाच हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा हक्क जन्मानेच आहे, वडील २००५ साली हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी होऊन किंवा कोर्टातून झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. मुस्लिम भगिनींचा वारसा वेगळ्या कायद्याने ठरतो, त्यांनी तो जाणकाराकडून समजून घ्यावा.

भावाशी भांडा, असं आम्ही म्हणत नाही. खुशीने हक्क सोडायचा तर सोडावा, पण काय सोडतो ते वाचून, रात्रभर विचार करून.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत दोन कामं करा. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारा, ती माहेरी कुठल्या तरीने किंवा कुठल्या वाटेने जायची, आणि एकीने ते लिहून ठेवा. आणि प्रत्येकीने माहेरचा अन् सासरचा सातबारा आणा. मोठ्याने वाचा. त्यात आपलं नाव कुठे आहे, ते बघा.